बँकेत शिल्लक असताना घेतलेली कौन्सिलची कोविड ग्रँट परत करायची का?

प्रश्न असा आला आहे. इंग्लंडच्या मिडलंड्स भागातली एक छोटी चॅरिटी. आठवड्यातून तीन दिवस ज्येष्ठांसाठी दुपारच्या जेवणाचा कट्टा, शनिवारी मुलांची मराठी शाळा आणि लीजवर घेतलेला एक हॉल. जून २०२० मध्ये जुन्या कमिटीने कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, अर्ज केला आणि १०,००० पौंड मिळाले. त्याच रस्त्यावरची दुसरी संस्था त्या महिन्यांत घरोघर धान्याच्या पिशव्या पोचवत होती, तिला मात्र नकार आला. नवे ट्रेझरर लिहितात: "तेव्हा आमच्या खात्यात ३१,४०० पौंड होते. एक ज्येष्ठ ट्रस्टी म्हणतात की एवढी शिल्लक असताना हार्डशिप ग्रँट घेणं बरोबर नव्हतं, परत करून टाकू. फाइलमध्ये कागद अर्धवट आहेत. परत करावी का? आणि पुन्हा असं काही झालं तर काय तयार ठेवावं?"

मी गेली अठरा वर्षं इथल्या छोट्या चॅरिटींचे हिशेब इंडिपेंडंट एक्झामिनर म्हणून तपासते. २०२० च्या उन्हाळ्यात निम्मा वेळ हिशेब सोडून अर्जच भरत होते. तेव्हा थोडं मोकळेपणाने लिहिते.

परत करू नका. मनाला बोचतंय एवढ्याच कारणाने तर नाहीच. आपल्याला बरं वाटावं म्हणून चॅरिटीचे पैसे कुणाला देऊन टाकायचा अधिकार ट्रस्टींना नसतो, घेणारी कौन्सिल असली तरी नसतो. कायद्याने देणं लागत नसताना फक्त नैतिक जबाबदारी वाटते म्हणून रक्कम द्यायची, तर त्याची वेगळी वाट आहे आणि ती साधारणपणे चॅरिटींवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनच्या दारातून जाते. तुमच्या ज्येष्ठ ट्रस्टींचा हेतू चांगला आहे, पण मीटिंगमध्ये हात वर करून १०,००० पौंडांचा चेक फाडला, तर उद्या मलाच तुमच्या हिशेबावर शेरा मारावा लागेल. अर्जात चुकीची माहिती गेली असेल तर गोष्ट वेगळी. मग ते पैसे मुळात तुमचे नव्हतेच, ते देणं आहे, आणि कौन्सिल मागायच्या आधी आपण होऊन कळवलेलं बरं.

तेव्हा तपासायचं एवढंच, की जून २०२० मध्ये तुम्ही त्या योजनेच्या नियमात बसत होता का. तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून मला तरी बसत होता असं दिसतं. का, ते समजायला त्या ग्रँटचा जन्म कसा झाला हे पाहावं लागतं. त्यातच शेजारच्या संस्थेला मिळालेल्या नकाराचंही उत्तर आहे.

११ मार्च २०२० ही तारीख लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं तो हाच दिवस आणि तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी आपलं पहिलं बजेट मांडलं तोही हाच. त्या बजेटमध्ये छोट्या व्यवसायांना ३,००० पौंड जाहीर झाले. आठवडाभरात, १७ मार्चला, त्याचे १०,००० झाले. २३ मार्चला लॉकडाऊन आला. आता एवढे पैसे लाखो लोकांपर्यंत काही आठवड्यांत पोचवायचे कसे? सरकारकडे व्यवसायांची एकच यादी अशी होती जिच्यात पत्ता होता, कर भरणाऱ्याचं नाव होतं आणि जी प्रत्येक कौन्सिलच्या संगणकात तयार होती. ती म्हणजे बिझनेस रेट्सची, आपल्या भाषेत बिगरनिवासी जागेच्या घरपट्टीची, यादी. म्हणून ज्यांना ११ मार्चला 'स्मॉल बिझनेस रेट रिलीफ', म्हणजे छोट्या व्यवसायाची सवलत, मिळत होती त्यांना १०,००० पौंड द्या, असं ठरलं. दुकानं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा यांच्यासाठी दुसरी योजना होती. रेटेबल व्हॅल्यू, म्हणजे कर आकारण्यासाठी धरलेली जागेची किंमत, १५,००० पौंडांपर्यंत असेल तर १०,००० आणि त्यापुढे ५१,००० च्या आतल्या जागेला २५,०००. दोन्ही योजना पैसे वाटताना जागेकडे बघत होत्या. त्या जागेत काय चालतं, किती लोकांचं पोट भरतं, याचा रकानाच त्या यादीत नव्हता.

आता तुमचं त्या वर्षीचं रेट्सचं बिल काढा. तुम्ही पाठवलेल्या स्कॅनमध्ये ते तिसऱ्या पानावर आहे, चहाच्या कपाचा गोल डाग पडलेलं. वर रेटेबल व्हॅल्यू: ९,४००. खाली वर्षाची आकारणी. त्याखाली वजा चिन्हाची एक ओळ, मँडेटरी चॅरिटी रिलीफ, म्हणजे चॅरिटीला कायद्यानेच मिळणारी सवलत, ८० टक्के. त्याखाली आणखी एक वजा, कौन्सिलने आपल्या मर्जीने सोडलेले उरलेले २० टक्के. तळाच्या चौकटीत भरायची रक्कम: शून्य. ट्रेझरर शून्य बघतो, सुटकेचा श्वास सोडतो आणि बिल फाइलला लावतो. मधल्या दोन ओळी कुणी वाचत नाही.

मार्च २०२० मध्ये त्या मधल्या ओळींनीच घात केला. तुमच्या शेजारचं केस कापायचं दुकान घ्या. त्याचीही रेटेबल व्हॅल्यू समजा ९,४००. १२,००० पौंडांपर्यंतच्या एकुलत्या एका जागेला स्मॉल बिझनेस रिलीफमध्ये पूर्ण माफी असते, पुढे १५,००० पर्यंत ती कमी कमी होत जाते. म्हणजे त्याचंही बिल शून्य. पण त्याचं शून्य छोट्या व्यवसायाच्या सवलतीतून आलेलं, तुमचं शून्य धर्मादाय सवलतीतून. चॅरिटीची सवलत लागली की छोट्या व्यवसायाची लागत नाही. निवडायची सोय नव्हती. त्यामुळे दुकानाला एप्रिलमध्ये फारशी खटपट न करता १०,००० आले आणि तुम्हाला काही नाही. वर्षानुवर्षं जी सवलत मिळाली म्हणून आपण पेढे वाटले, तिनेच ऐन वेळी दार लावून घेतलं. इंग्लंडभर लहान चॅरिटींची ही तक्रार होती, आणि ती खरी होती.

काही हॉल दुसऱ्या दारातून आत गेले. करमणूक आणि लोकांनी जमण्याच्या जागांच्या वर्णनात सार्वजनिक हॉल, क्लब यांचा उल्लेख होता. त्या आधाराने कित्येक गावांतल्या व्हिलेज हॉलना १०,००० मिळाले. पण तुमच्या हॉलची नोंद कौन्सिलने डे सेंटर म्हणून धरली होती, म्हणजे स्वतःच्या सेवेसाठी वापरायची जागा, भाड्याने द्यायचा हॉल नव्हे. त्याच आकाराचा, तशाच पत्र्याच्या छपराचा हॉल एका कौन्सिलच्या हद्दीत पात्र आणि पलीकडच्या कौन्सिलमध्ये अपात्र, असं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

ओरड झाल्यावर १ मे २०२० ला सरकारने डिस्क्रिशनरी ग्रँट फंड जाहीर केला. तुमचे १०,००० यातलेच. एकूण ६१ कोटी ७० लाख पौंड, म्हणजे आधीच्या १२.३ अब्जांच्या जेमतेम पाच टक्के. यात सरकारने कौन्सिलांना चार गटांकडे आधी बघा असं सांगितलं: एकत्र ऑफिस वापरणारे छोटे व्यवसाय, बाजारात कायम बसणारे विक्रेते, कौन्सिल टॅक्स भरणारी बेड-अँड-ब्रेकफास्ट घरं, आणि चौथा तुमचा गट. धर्मादाय सवलत घेणाऱ्या, पण ती नसती तर छोट्या व्यवसायाच्या सवलतीत बसल्या असत्या अशा चॅरिटींच्या जागा. तुमची ९,४०० ची व्हॅल्यू आणि एकच जागा, म्हणजे तंतोतंत बसता. याशिवाय जागेचा कायमचा खर्च हवा, कोविडमुळे उत्पन्नात मोठी घट दाखवता यायला हवी, ११ मार्चला संस्था चालू असायला हवी आणि नोकर ५० पेक्षा कमी हवेत. बाकीचे नियम ज्या त्या कौन्सिलने करायचे. रक्कमही २५,०००, १०,००० किंवा त्याखालची कोणतीही. कुणी सरसकट अडीच हजार वाटले, कुणी दहा.

इथे माझी एक चूक सांगते, कारण ती अजून खुपते. मी हिशेब तपासत असलेल्या एका महिला गटाने एप्रिलमध्ये विचारलं होतं, "ताई, आपल्याला काही मिळेल का?" मी मार्चचे नियम वाचलेले, ठामपणे सांगितलं की चॅरिटी रिलीफ आहे ना, मग नाही. मेमध्ये नियम बदलले ते मी वाचले, चार संस्थांना कळवले, आणि या बायकांना कळवायचं राहून गेलं. त्यांच्या कौन्सिलने अर्ज मोजके दिवसच घेतले. मला आठवलं तेव्हा मुदत संपून तीन दिवस झाले होते. त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

आता त्या ३१,४०० कडे येऊ. तुमच्या ज्येष्ठ ट्रस्टींना बँकेचं पान दिसतंय, मला त्यातले कप्पे दिसतात. ३१ मार्च २०२० च्या तुमच्या ताळेबंदात ९,२०० पौंड जेवणाच्या कट्ट्यासाठी मिळालेल्या देणगीचे आहेत, दुसरीकडे वापरता न येणारे. त्याला आपण रिस्ट्रिक्टेड फंड म्हणतो. ३,१०० ही मराठी शाळेची उन्हाळी सत्राची आगाऊ फी. शाळा भरली नाही तर पालकांना परत द्यायची, म्हणजे देणंच. १२,००० छपरासाठी बाजूला काढलेले. उरले ७,१००.

दुसऱ्या बाजूला दरमहाचा खर्च. लीजचं भाडं १,१५०, विमा १४०, गॅस-वीज आणि बॉयलरचा करार २१०, अलार्म आणि फोन ९०. हे झाले १,५९०. केअरटेकरचा पगार ६४०. तो फर्लोवर होता, म्हणजे काम बंद पण नोकरी चालू, सरकार ८० टक्के देत होतं, उरलेले २० टक्के, म्हणजे १२८, तुम्ही पदरचे घातलेत. चांगलं केलंत. एकूण १,७१८. हॉल बंद असला तरी दर महिन्याला हे जाणारच, आणि उत्पन्न मात्र एका आठवड्यात थांबलेलं. ७,१०० ला १,७१८ ने भागा. चार महिने.

इथे मी तुमच्या बाजूनेच बोलतेय असं वाटायला नको म्हणून एक गोष्ट सांगते. छपराचे १२,००० तुम्हीच बाजूला काढलेत. ट्रस्टींनी ठरवून ठेवलेला डेझिग्नेटेड फंड ट्रस्टी ठराव करून मोडू शकतात, देणगीदाराने बांधून दिलेला रिस्ट्रिक्टेड नाही. कौन्सिलचा खमका अधिकारी म्हणाला असता, "छप्पर थांबेल, ते धरा." बरं, धरू. १९,१००. म्हणजे अकरा महिने. कागदावर ४ जुलै २०२० ला कम्युनिटी सेंटर उघडायला परवानगी मिळाली खरी. तुम्ही लेस्टरच्या शेजारचे, तिथे स्थानिक लॉकडाऊनमुळे तीही नव्हती, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ऐंशीच्या घरातल्या आजी-आजोबांना एका टेबलावर बसवून वरण-भात वाढायला कुठली कमिटी धजली असती? इंग्लंडमधले बहुतेक कायदेशीर निर्बंध १९ जुलै २०२१ ला उठले. मार्च २०२० पासून मोजा, सोळा महिने. छप्पर विकून खाल्लं असतं तरी पाच महिने कमी पडत होते. त्या ट्रस्टींना हे गणित पेन्सिलने कागदावर करून दाखवा. मेलवर पाठवू नका, समोर बसून दाखवा.

शेजारच्या संस्थेबद्दल. त्यांचं काम तुमच्यापेक्षा तातडीचं होतं यात वाद नाही. पण ते शाळेचं स्वयंपाकघर तासावर घेऊन काम करत होते. लीज नाही, रेट्सचं बिल नाही, म्हणजे त्या योजनेच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नव्हते. त्यांची चूक झाली असेल तर ती खिडकीची. लोक 'कौन्सिल' म्हणतात जणू ती एकच बाई आहे आणि तिच्याकडे एकच पर्स आहे. प्रत्यक्षात डिस्क्रिशनरी ग्रँट रेट्स खात्यातून सुटत होती. एरवी थकबाकीच्या नोटिसा पाठवणारी माणसं त्या उन्हाळ्यात आपापल्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून पैसे वाटत होती. धान्य पोचवणाऱ्यांसाठीचा पैसा दुसऱ्याच खात्यातून येत होता. जून २०२० मध्ये सरकारने अन्न आणि गरजेच्या वस्तूंसाठी कौन्सिलांना ६ कोटी ३० लाख पौंड जाहीर केले, हिवाळ्यात विंटर ग्रँटचे १७ कोटी. तो पैसा कामाकडे बघणारा होता. कौन्सिलच्या बाहेर नॅशनल लॉटरी कम्युनिटी फंडामार्फत सरकारचे २० कोटी, आणि १८ मार्चला सुरू झालेल्या नॅशनल इमर्जन्सीज ट्रस्टच्या आवाहनातून जमलेला पैसा स्थानिक कम्युनिटी फाउंडेशनांकडे. शेजाऱ्यांची जागा त्या रांगांत होती.

'हार्डशिप फंड' या नावाने तर वेगळाच घोळ घातला. त्या वर्षी कौन्सिलांकडे ५० कोटींचा हार्डशिप फंड खरोखर होता, पण तो गरीब घरांच्या कौन्सिल टॅक्समध्ये १५० पौंडांपर्यंत सूट द्यायला. माझ्या ओळखीच्या एका संस्थेने त्याच फॉर्मवर अर्ज केला. 'घरात किती प्रौढ राहतात' या प्रश्नाला अध्यक्षांनी प्रामाणिकपणे लिहिलं, "बुधवारी साधारण चाळीस."

फॉर्मचंच बोलायचं तर, ते व्यवसायांसाठी बनवलेले होते आणि चॅरिटींनी त्यात स्वतःला कोंबायचं होतं. टर्नओव्हर, ट्रेडिंग नेम, एम्प्लॉयी. आपल्या लोकांची इथे गंमत होते. एका मंडळाच्या काकांनी टर्नओव्हरच्या रकान्यात शून्य लिहिलं. का, तर "आपण काय धंदा करतो का?" उलाढाल शून्य म्हटल्यावर घटही शून्य. अर्ज चार दिवसांत परत. हॉलभाडं, फी, कार्यक्रमांची तिकिटं, देणग्या, सगळं मिळून वर्षाचं उत्पन्न म्हणजे तुमचा टर्नओव्हर. दुसऱ्या एका संस्थेने दोन पानं भरून आपलं सांस्कृतिक कार्य लिहिलं होतं, गणेशोत्सवापासून पाडव्याच्या शोभायात्रेपर्यंत. अधिकाऱ्याने फोनवर एकच विचारलं, "लीज कुणाच्या नावावर आहे?" त्याला बाकी काही नको होतं आणि त्यात त्याचा दोषही नव्हता.

तुमच्या फाइलमध्ये काय हवं? अर्जाची प्रत नसेल तर कौन्सिलकडे मागा. पैसे देताना आलेलं मंजुरीचं पत्र किंवा ईमेल सगळ्यात महत्त्वाचं, कारण अटी त्यात असतात. अनेक पत्रांत फक्त एवढंच होतं की पात्रता चुकीची निघाली तर वसूल करू. तसं असेल तर ही रक्कम साध्या, अनरिस्ट्रिक्टेड निधीत जाते. पत्रात 'भाडे आणि विम्यासाठीच' असं काही बांधलेलं असेल तर तेवढा वेगळा कप्पा. त्याखेरीज ११ मार्चला लागू असलेलं लीज, २०१९-२० आणि २०२०-२१ ची रेट्सची बिलं, पैसे जमा झाल्याचं बँकेचं पान, आणि सरकारी मदतीबाबतचं घोषणापत्र. त्या वेळी युरोपीय स्टेट एडचे, म्हणजे सरकारने किती मदत द्यावी याच्या मर्यादेचे, नियम इथे चालू होते, म्हणून आधी मिळालेल्या सरकारी मदतीचा आकडा लिहून घेत. तुमच्यासारख्यांना ती मर्यादा जवळपासही येत नाही, पण सही केलेला कागद असावा. कौन्सिलांनी पैसे दिल्यानंतरही तपासण्या केल्या. ग्रँट जून २०२० मध्ये आली, म्हणजे ती ३१ मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षात दिसायला हवी. ती 'देणग्या' या ओळीत गेली आहे, सरकारी ग्रँट म्हणून वेगळी दाखवायला हवी होती. चूक छोटी आहे, पण कुणी विचारलं तर शोधावी लागेल, म्हणून फाइलमध्ये एक टिपण लावा. चॅरिटीचे हिशेबाचे कागद वर्ष संपल्यापासून सहा वर्षं जपायचे असतात, म्हणजे त्या वर्षाचे ३१ मार्च २०२७ पर्यंत. हॉलचं कपाट आवरायची मोहीम निघाली तर हा खण वगळा.

अर्ज करायचा निर्णय व्हॉट्सॲपवर झाला असं तुम्ही लिहिता. त्यात शरमेचं काही नाही, तेव्हा सगळ्यांचंच तसं चाललं होतं. घटनेत तरतूद नसली तरी ऑनलाइन भेटा, पण निर्णय नोंदवा, असं चॅरिटी कमिशननेही सांगितलं होतं. त्या चॅटचे स्क्रीनशॉट तारखेसह छापून मिनिट्सच्या वहीत चिकटवा. मधले गुड मॉर्निंगचे फुलांचे फोटो गाळले तरी चालतील.

एक आगाऊ सूचना, कारण हा प्रश्न तुमच्याकडेही येणार. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा दोन मंडळांनी मला विचारलं, "कौन्सिलच्या ग्रँटमधले उरलेले गावी पाठवू का?" नाही. ती ग्रँट तुमची इथली जागा टिकावी म्हणून होती. चॅरिटीच्या उद्देशात परदेशी मदत नसेल तर तसेही पाठवता येत नाहीत, आणि तिकडे घेणाऱ्या संस्थेकडे परदेशी देणग्या घेण्यासाठीची एफसीआरएची नोंदणी लागते. पुरासाठी वेगळं आवाहन करा, वेगळा हिशेब ठेवा. त्या दोघांनी तसंच केलं आणि उरलेल्या ग्रँटपेक्षा जास्त जमलं.

पुढच्या वेळेसाठी, ती महासाथ असो की गॅसच्या बिलाचा भडका, फार मोठी तयारी लागत नाही. दर मार्चला रेट्सचं बिल आलं की शून्य न बघता मधल्या ओळी वाचा. रेटेबल व्हॅल्यू ठरवणाऱ्या सरकारी व्हॅल्युएशन ऑफिसच्या नोंदीत तुमच्या जागेचं वर्णन काय लिहिलंय ते बघा; हॉल बाहेरच्यांना भाड्याने देत असाल आणि नोंद डे सेंटरची असेल तर व्हॅल्युएशन ऑफिसशी आणि कौन्सिलशी शांततेच्या काळात बोला, घाईच्या काळात कुणी ऐकत नाही. मी वर केलेलं दरमहाच्या खर्चाचं गणित एका पानावर तयार ठेवा आणि रिझर्व्ह, म्हणजे राखीव पैसे, किती महिन्यांचे हवेत ते धोरणात लिहा. "बँकेत एवढे असताना मागता कशाला" या प्रश्नाला तेच उत्तर असतं. तुमच्या भागातल्या, स्वयंसेवी संस्थांना मदत करणाऱ्या कौन्सिल फॉर व्हॉलंटरी सर्व्हिसच्या मेलिंग लिस्टवर नाव घाला. २०२० मध्ये मुदतींच्या बातम्या आधी तिथेच येत होत्या. हॉलला जोडून बाहेर गोदाम वगैरे भाड्याने घ्यायचा विचार असेल तर आधी विचारा. दुसऱ्या जागेची रेटेबल व्हॅल्यू फार लहान नसेल तर छोट्या व्यवसायाच्या सवलतीची पात्रताच जाते, आणि त्या पात्रतेवर काय काय अवलंबून असतं ते आता तुम्हाला कळलंच.

बँकेच्या सह्या बघा. एका संस्थेचे १०,००० पौंड खात्यात येऊन पडले होते, पण चेकला दोन सह्या लागत आणि दुसरे सही करणारे भाऊ मुलीकडे कोथरूडला. २२ मार्च २०२० पासून भारतातली आंतरराष्ट्रीय विमानं बंद. ऑनलाइन बँकिंग "नको त्या भानगडी" म्हणून घेतलेलं नव्हतं. घरमालकाने धीर धरला म्हणून निभावलं. सही करू शकणारी किमान तीन माणसं ठेवा, त्यातली निदान दोन दरवर्षी हिवाळ्यात पुण्याला न जाणारी.

आणि तुमच्या लीजबद्दल. स्कॅन पुन्हा पाहिला. शेवटच्या पानावर संस्थेचं नाव नाही, तीन ट्रस्टींची वैयक्तिक नावं आहेत. तुमची चॅरिटी कंपनी किंवा सीआयओ (स्वतःच्या नावावर जागा धरू शकणारा चॅरिटीचा कायदेशीर प्रकार) नाही, त्यामुळे तसंच असणार. अशा संस्थेला स्वतःच्या नावावर जागा धरता येत नाही, म्हणून ती साधारणपणे ट्रस्टींच्या नावावर असते. पण त्या तिघांपैकी एक वारले, दुसऱ्यांनी २०१८ मध्येच राजीनामा दिला, आणि तिसरे म्हणजे ग्रँट परत करू म्हणणारे तुमचे ज्येष्ठ ट्रस्टी. म्हणजे आज त्या हॉलच्या भाड्याची जबाबदारी कागदावर त्यांच्या स्वतःच्या खांद्यावरही आहे. त्यांना हे माहीत आहे का विचारा. मग वकिलाची वेळ घ्या, आणि सीआयओ करून लीज तिच्या नावावर आणायला साधारण किती खर्च येईल तो आकडा पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर टाका, ग्रँटच्या विषयाच्या आधी.